दोन्ही हात लागतात

अँब्युलन्सच्या केंद्रावर तिला सगळे सावकाशबाई म्हणत. नाव पडलं ते चेष्टेतून. कॉल आला की बाकीचे जिन्यावरून धाडधाड उतरायचे आणि ही बाई बॅगेची चेन ओढून, बुटाच्या नाड्या बघून, आपल्या नेहमीच्या चालीनं गाडीत येऊन बसायची. तरी गाडी तिच्यासाठी कधी खोळंबली असं झालं नव्हतं.

"बाई, घराला आग लागली तरी तुम्ही आधी केस विंचराल," ड्रायव्हरमामा म्हणायचे.

"विंचरीन की. जळताना तरी बरी दिसेन."

मूळची ती रक्ततपासणीच्या लॅबमधली. घरोघर जाऊन नमुने आणायची. लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिनं प्रशिक्षण घेतलं आणि अँब्युलन्सवर लागली. नवऱ्याचं चष्म्यांचं छोटं दुकान होतं. तो दिवसभर काचा घासत बसायचा आणि जगात कोणी कोणाचं वाईट करत असेल यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

सुरुवातीला तीही धावायची. मग एकदा गाडी वाहतुकीत अडकली, पोचायला उशीर झाला आणि पेशंट गेलेला निघाला. लहानशी खोली, माणसांनी गच्च भरलेली. ती पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात. नाडी बघून तिनं नुसती मान हलवली, आणि गेलेल्याच्या मेहुण्यानं तिच्या डाव्या कानाखाली अशी सणसणीत वाजवली की पुढचा काही वेळ तिला फक्त लोकांची तोंडं हलताना दिसत होती. तो कान पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. घरी तिनं सांगितलं, कानात मळ झालाय. साहेबांकडे तक्रार नेली तेव्हा साहेब म्हणाले, "दुःखात होती हो ती माणसं. आपणच समजून घ्यायचं." ती समजून घेऊन परत आली.

धावणं मात्र तिनं सोडलं. कुठल्याही घरात शिरताना आता ती आधी दार बघायची. कड्या किती, दार आत उघडतं की बाहेर, मध्ये काय काय पडलंय. पेशंटजवळ बसायची ती दार नजरेत राहील अशी. मामांना तिनं तेच शिकवलं होतं, आणि मामा तोंडानं हो म्हणून आपल्या मनासारखं करायचे. मामांचं काळीज लोण्याचं होतं. रस्त्यात मांजर आडवं आलं तरी "अरे बाळा, जा की" म्हणणारा माणूस.

त्या घरी ते पहिल्यांदा गेले ते एका दुपारी. बैठ्या घरांची रांग, पुढे बंद होणारी गल्ली, आणि गल्लीतलं सगळ्यात शेवटचं घर. छापखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आणि त्यांचा मुलगा, असे दोघंच तिथे राहत. मुलगा चाळिशीचा. कडक इस्त्रीचा शर्ट, ओला भांग, आणि बोलणं इतकं मऊ की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं.

"या ताई, या. उन्हातून आलात. पाणी देऊ?"

भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. फिनेलचा वास असा की डोळे चुरचुरले. दाराला आतून दोन कड्या, आणि शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला लोखंडी अडसर. आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते. मनगट वाकडं झालेलं, टम्म सुजलेलं.

"कसे पडलात, आजोबा?"

"मोरीत पाय घसरला त्यांचा," मुलगा म्हणाला.

"मी आजोबांना विचारलं."

आजोबांनी आधी मुलाकडे बघितलं आणि मग मान डोलावली. हात धुवायच्या निमित्तानं ती मोरीत डोकावून आली. मोरी ठणठणीत कोरडी. साबणाची वडीसुद्धा वाळून तडकलेली.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. काही आठवड्यांनी पुन्हा त्याच घरून कॉल आला. या वेळी आजोबांना श्वास घेताना बरगडीत कळ येत होती. आणि या वेळी तिनं युक्ती केली. "तुम्ही पुढे बसा," ती मुलाला म्हणाली. "मामांना रस्ता दाखवा, इकडे सगळं खोदून ठेवलंय." तो हसून पुढे जाऊन बसला. पण पुढच्या आणि मागच्या भागामध्ये हातभर खिडकी असते, त्या खिडकीतून तो वळून वळून मागे बघत राहिला.

तिनं आजोबांच्या तोंडाजवळ उजवा कान नेला. "आजोबा, कोण मारतं?"

 आजोबा म्हणाले, "राग वाईट आहे त्याचा. पण टिकत नाही. नंतर शेकायला पाणी तोच तापवून देतो."

 रुग्णालयात तिनं अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढून पाठ बघितली. काही वळ ताजे होते, काही जुने, पिवळे पडलेले. त्यांनी लगेच पोलिसांना कळवलं. पोलिसांनी मुलाला बोलावलं, तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. आजोबांनी जबाब दिला, मी पडलो. झालं, प्रकरण तिथेच मिटलं. तोंड कोणी उघडलं हे मात्र मुलाला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं ते खिडकीतून बघितलंच होतं.

मग फोन यायला लागले. कंट्रोल रूममध्ये फोन घेणारी मुलगी एक दिवस तिला म्हणाली, "बाई, तुमचा कोणी भाऊबिऊ आहे का? एक माणूस सारखा फोन करतो. पेशंट नाही, काही नाही. त्या सावकाश बोलणाऱ्या ताई आज कुठल्या गाडीवर आहेत, एवढंच विचारतो. म्हणतो, बाबा त्यांची फार आठवण काढतात."

"तू काय सांगितलंस?"

"मी कशाला सांगतेय! पण इतकं गोड बोलतो हो, फोन ठेवल्यावर माझ्या अंगावर काटा येतो."

त्यानंतर तो तिला दिसायलाही लागला. केंद्रासमोरच्या रस्त्यावर, पलीकडच्या फुटपाथवर, हात मागे बांधून उभा असायचा. काही करायचा नाही. गाडी बाहेर पडली की किंचित मान झुकवून नमस्कार केल्यासारखं करायचा. मामांनी एकदा काच खाली करून दटावलं, तर म्हणाला, "रस्ता सगळ्यांचा आहे ना, मामा?"

घरी ती यातलं काही बोलली नव्हती. मग एका संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला, "अगं, आज एक फार सज्जन गिऱ्हाईक आलं होतं. तुला ओळखतो म्हणाला. त्याच्या वडिलांना म्हणे तूच नेलं होतंस."

तिचा घास हातातच राहिला. "काय म्हणाला?"

"तुझं कौतुक करत होता. म्हणाला, तुमच्या मिसेस लोकांची फार काळजी घेतात हो. त्यांची कोण घेतं?" नवरा हसला. "मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणाला, तुम्ही तर दिवसभर इथे असता. आपली लेक कुठल्या कॉलेजात आहे तेही विचारलं. चांगला माणूस वाटला."

"अहो, सांगितलंत तुम्ही?"

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू विरलं. त्या रात्री तिनं सगळं सांगितलं, अगदी कानाचंसुद्धा. त्यानं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लेकीला कॉलेजात सोडायला आणि आणायला तो स्वतः जायला लागला. दुकानाला तेवढ्या वेळेत कुलूप असायचं.

ती पुन्हा साहेबांकडे गेली. या वेळी बसली नाही, उभ्यानंच बोलली. "त्या पत्त्यावर पोलीस पोचल्याशिवाय आमची गाडी आत जाणार नाही असा हुकूम करा. माझ्या एकटीचं नाही म्हणत, कोणाचीच गाडी जाता कामा नये." साहेबांनी आढेवेढे घेतले, पण हुकूम निघाला. पोलिसांकडे तिनं अर्जही दिला. तिथला हवालदार म्हणाला, "धमकी दिली का त्यानं? हात उचलला का? मग नुसतं उभं राहणं हा काही गुन्हा नाही, ताई."

लख्ख ऊन पडलेल्या एका सकाळी कॉल आला. पत्ता तोच. मुलगा फोनवर ओक्साबोक्शी रडत होता, बाबा उठत नाहीत, बाबा बोलत नाहीत. कंट्रोल रूमनं पोलिसांना कळवलं आणि सगळ्यात जवळची गाडी पाठवली. ती गाडी हिचीच होती.

मामांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली, तिच्या सांगण्यावरून उलटी वळवून, तोंड बाहेर करून. "पोलीस येईपर्यंत थांबायचं," ती म्हणाली. मामांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवायला सुरुवात केली.

शेवटच्या घराचं दार सताड उघडं दिसत होतं. आत अंधार. तिला ते उघडं दारच आवडलं नाही. त्या घराचं दार कधी उघडं नसायचं.

आता गल्लीतली माणसं बाहेर यायला लागली. गाडी आली आहे आणि कोणी उतरत नाही, हे बघून आधी कुजबुज, मग आवाज चढले. "काय बघताय उभे राहून? म्हातारा मरतोय आत!" कोणीतरी बॉनेटवर थाप मारली. एक तरुण मोबाईल धरून शूटिंग करायला लागला. शेजारच्या घरातली एक दणकट बाई खिडकीशी येऊन म्हणाली, "माणसं आहात की कोण? तुमचा बाप असता तर असेच बसला असता का?"

"पोलीस येताहेत, काकू. तोवर थांबायचा हुकूम आहे."

"घाला तुमचा हुकूम चुलीत!"

ते बापाचं बोलणं मामांच्या वर्मी लागलं. त्यांचा म्हातारा वारला तेव्हा ते कुठल्यातरी परक्याला रुग्णालयात पोचवत होते, हे तिला ठाऊक होतं. मामांनी दार उघडलं. "बाई, मी नुसता उंबऱ्यातून बघून येतो. आत पाय ठेवत नाही."

"मामा, नाही. अजिबात नाही. बसा."

"आलोच."

ती उतरून त्यांच्या मागे जाईपर्यंत मामा भराभर चालत पोचलेसुद्धा. उंबऱ्यात थांबले, वाकून आत बघितलं. आतून मऊ आवाज आला, "या मामा, या ना." आणि मामा आत गेले. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज तिला आला नाही, पण दार कसं थरथरलं ते दिसलं.

तिनं डोकं वळवून उजवा कान दाराकडे केला. आधी काहीच नाही. मग मामांची किंकाळी.

गल्ली एका क्षणात चिडीचूप झाली. आत्तापर्यंत ओरडणारी माणसं आपापल्या ओट्यांवर चढली. शूटिंग करणाऱ्याचा मोबाईल खाली गेला. फक्त ती दणकट काकू जागची हलली नव्हती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मागे दार आहे का?" तिनं काकूला विचारलं.

"आहे. मोरीचं. माझ्या अंगणातून जाता येतं."

नियम काय सांगतो हे तिला पाठ होतं. आपण आत जायचं नाही, जखमी झालेल्यांत आणखी एकाची भर घालायची नाही. नव्या मुलांना तिनं स्वतः हे शिकवलं होतं.  तिनं काकूला सांगितलं, गाडीतला सायरन चालू करा, लाल बटण, बंद करू नका, पोलीस येतील त्यांना मागची वाट दाखवा. आणि बॅग खांद्याला अडकवून ती अंगण ओलांडून मोरीच्या दारानं आत शिरली.

स्वयंपाकघरात आजोबा जमिनीवर पडले होते. डोक्याखालचं रक्त वाळून काळं झालेलं. घशातून घोरल्यासारखा आवाज. म्हणजे जीव होता, पण श्वास अडत होता. पुढच्या खोलीत मामा भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून पडले होते, उजवा हात भलत्याच दिशेला वळलेला. आणि मध्ये तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात अडसर.

"तुम्हाला बोलवायचं होतं, ताई," तो म्हणाला. "हे मामा मध्येच आले."

 ओरडावं, पळावं, दोन्ही तिच्या डोक्यात येऊन गेलं. पण पळाली असती तर मामा मेले असते, आणि ओरडून सायरनपुढे ऐकलं कोणी असतं! ती आजोबांच्या उशाशी गुडघे टेकून बसली. बसताना त्याच्याकडे पाठ होत होती, आणि कानाखाली खाल्ल्यापासून पहिल्यांदा तिनं ती होऊ दिली.

"बाबांचा श्वास अडतोय," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात. "जीभ मागे गेलीय. मान सांभाळून जबडा वर घ्यायला हवा, आणि मला डोक्यावर पट्टी बांधायचीय. मला माणूस हवा धरायला. या इकडे."

तो हलला नाही.

"बाबांना वाचवायचं ना? मग या लवकर. माझ्या एकटीच्यानं होणार नाही."

अडसर फरशीवर घासत आल्याचा आवाज आला. ती सरकून पलीकडे, पुढच्या खोलीकडे तोंड करून बसली आणि तो तिच्यासमोर, वडिलांच्या डोक्याशी बसला. अडसर मांडीवर.

"असं नाही. दोन्ही हात लागतात याला," ती म्हणाली. "तळवे कानांशी. बोटं जबड्याच्या मागे. वर उचला, हळू. मान तसूभरही हलता कामा नये. आता सोडलंत तर जातील ते."

अडसर त्यानं बाजूला ठेवला. आजोबांचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, आणि घोरण्याचा आवाज थांबून श्वास मोकळा झाला. तिनं पट्टी बांधायला घेतली. पट्टीचा एकेक वेढा तिनं जितका सावकाश घेता येईल तितका घेतला. त्याच्या खांद्यावरून तिला पुढची खोली दिसत होती. मामा डाव्या कोपरावर रेटत रेटत दाराकडे सरकत होते.

"बरोबर धरलंय ना, ताई?"

"बरोबर धरलंय."

"त्यांना दुखत नसेल ना?"

तिनं पट्टीचा आणखी एक वेढा घेतला. तो खरंच फार हळुवारपणे धरत होता. बाळाचं डोकं धरावं तसं. पुढे कितीतरी दिवस तिला अडसराची नव्हे, त्या हातांची स्वप्नं पडली.

मामांनी कडी काढली तेव्हा तो आवाज ऐकून त्यानं मान वळवली. "मान!" ती खेकसली. "हलवू नका!" आणि त्यानं दचकून पुन्हा डोकं नीट धरलं. तेवढ्यात पुढून आणि मागून पोलीस आत आले. त्याला उचललं तेव्हा तो म्हणत होता, "थांबा, थांबा, ते धरायचंय." त्याचे हात सुटताच तिनं स्वतःचे तिथे घातले.

आजोबांना आणि मामांना दुसऱ्या गाड्यांनी नेलं. त्यानंतर ती काकूच्या ओट्यावर बसली आणि तिला भडभडून उलटी झाली. काकू पाणी घेऊन आली. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

प्रकरण तिथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या तरुणानं केलेलं शूटिंग गावभर फिरलं. त्यात गाडी उभी होती, लोक विनवण्या करत होते आणि बाई थंडपणे 'हुकूम आहे' म्हणत होती. मामा आत गेले तिथे शूटिंग संपत होतं. लोकांनी तिला नाही नाही ते लिहिलं. लेकीला कॉलेजात एकीनं विचारलं, ही तुझीच आई ना? साहेबांनी सगळ्यांसमोर तिला शाबासकी दिली आणि मग केबिनमध्ये बोलावून, नियम मोडून आत का गेलात म्हणून खुलासा मागितला. ती म्हणाली, "बाहेर थांबले म्हणून लोक शिव्या देताहेत, आत गेले म्हणून तुम्ही विचारताय. कुठे उभी राहू ते एकदा ठरवून सांगा." साहेबांनी विषय बदलला.

मामांचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. ते आता भांडारात ऑक्सिजनचे सिलिंडर देतात-घेतात आणि नव्या ड्रायव्हरांच्या गाडी चालवण्याला नावं ठेवतात. ती भेटायला गेली तेव्हा त्यांना एकदाच भरून आलं. "बाई, मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. खोटं बोलून समजूत काढायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आजोबा वाचले. शुद्धीवर आले आणि पोलिसांना म्हणाले, मी पडलो. पण मामांच्या हातासाठी तरी मुलाला शिक्षा झाली, मामांच्या आणि तिच्या साक्षीवर. नवऱ्यानं तिला विचारलं, सोडतेस का हे आता? तिनं रजा घेतली, घरी बसून बघितलं, आणि रजा संपल्यावर पुन्हा जाऊन गाडीत बसली. का, ते तिला नीट सांगता आलं नाही. दुसरं काही येत नाही, असं म्हणाली.

मागच्या आठवड्यात तोच पत्ता आला. आजोबांच्या छातीत धडधडत होतं. पोलीस आधी पोचले होते, घरात आजोबांशिवाय कोणी नसल्याची खात्री करून घेतली, मगच ती आत गेली. पडदे उघडे होते. आजोबा खुर्चीत बसले होते, आणखी वाळलेले. तिनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायला घेतला.

"पुढच्या महिन्यात सुटतोय तो," आजोबा म्हणाले.

ती आकडा बघत राहिली.

"इथेच येणार. दुसरीकडे कुठे जाईल?" थोडं थांबून त्यांनी तिचा हात धरला. त्या पकडीत बळ असं नव्हतंच. "तुम्ही येत जाल ना, बोलावलं तर?"

"येऊ," ती म्हणाली. "पण पोलिसांना घेऊन येऊ, आजोबा. आणि ते येईपर्यंत बाहेर थांबू."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. उंबऱ्यात उभा असलेला पोलीस दुसरीकडे बघायला लागला.

"तोवर उशीर झाला तर?"

तिनं पट्टा सोडला, गुंडाळला, बॅगेत ठेवला. "पाय खाली घ्या," ती म्हणाली. "आता आम्ही तुम्हाला उचलतोय."